‘ऐकतोय ना, बोल तू!’ जवळच्या माणसांचंच बोलणं कानाआड का होतं?

“जेवलास?”
“हो.”
“अभ्यास कसा चाललाय?”
“चाललाय.”
“बरं, ठेवू मग?”

पुण्यात एमपीएससीची तयारी करणारी कितीतरी मुलं रोज रात्री गावाकडच्या घरी साधारण एवढंच बोलतात. समजा, यातलाच एक जण एके दिवशी मध्येच म्हणाला, “पप्पा, या वेळी काही खरं वाटत नाही.” पलीकडून लगेच उत्तर येतं, “असं निगेटिव्ह बोलायचं नाही. होईल सगळं व्यवस्थित.” विषय संपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा “चाललाय”.

वडिलांना काळजी होती, म्हणूनच ते धीर द्यायला धावले. पण मुलाला नेमकं काय खरं वाटत नाही, पेपर, पैसे की ही परीक्षाच, हे विचारायचं राहून गेलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही, तर ते घरी कधी कळणारही नाही.

‘मला माहितीये तू काय म्हणणार ते’

आपल्या माणसाचं आपल्याला जास्त कळतं, असं सगळ्यांनाच वाटतं. केनेथ सॅवित्स्की, बोआझ केसार, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच तपासलं. जोडप्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवलं आणि दोन-तीन अर्थ निघतील अशी रोजच्या बोलण्यातली वाक्यं बोलायला लावली. ऐकणाऱ्याने नेमका अर्थ ओळखायचा होता. तीच वाक्यं अनोळखी लोकांकडूनही ऐकवली.

जोडीदाराचं बोलणं लोकांना परक्यापेक्षा जास्त समजलं नाही. ‘आपल्याला समजलंय’ याची खात्री मात्र जोडीदाराच्या बाबतीत जास्त होती.

म्हणजे “आज बराच उशीर झाला ना?” हे वाक्य काळजीचं असू शकतं, तक्रारीचं किंवा नुसतीच चौकशीही. परक्या माणसाने विचारलं तर आपण अंदाज घेतो. घरच्याने विचारलं की थेट भांडायच्या तयारीने, “हो, मग काय करू?” जिथे खात्री जास्त, तिथे विचारून घेणं आपोआप कमी होतं.

समोरचा बोलत असतानाच उत्तर शिजतं

२००९ मध्ये भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने जपानी, डॅनिश, इटालियन अशा १० भाषांमधले संवाद तपासले. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो, असं त्यात दिसलं. एखादा शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायला मात्र साधारण अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ उत्तराची तयारी समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच सुरू झालेली असते.

त्यामुळे ‘आधी पूर्ण ऐका, मग विचार करा’ हा सल्ला रीलमध्ये छान वाटतो, पण मेंदू त्या पद्धतीने चालत नाही. उत्तर डोक्यात तयार होणारच. हातात एवढंच असतं की ते लगेच बोलून टाकायचं नाही. दोन सेकंद थांबलं, की पुष्कळदा समोरचाच पुढचं बोलतो, आणि खरी गोष्ट त्या पुढच्या वाक्यात असते.

मराठीतली एक अडचण

‘मुलगा ऐकत नाही’ म्हणजे त्याच्या कानात दोष आहे असं कोणी समजत नाही. तो सांगितलं ते करत नाही, हा अर्थ. ‘बायकोचं ऐकतो’ हा तर टोमणाच. आपल्याकडे ऐकणं आणि मान्य करणं यांना एकच शब्द आहे. म्हणूनच की काय, मुलीने “मला हे स्थळ नको” म्हणताच घरात थेट वाद सुरू होतो. का नको, हे विचारलं तर माघार घेतल्यासारखं वाटतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग’ ही कल्पना मांडली. सल्ला किंवा निवाडा द्यायच्या आधी समोरच्याच्या जागेवरून गोष्ट कशी दिसते ते समजून घ्यायचं, आणि आपल्याला समजलं ते बरोबर आहे का, हे त्यालाच विचारायचं. पटलंच पाहिजे अशी अट नाही. हल्ली याचं पाठ केलेलं रूप जास्त दिसतं, “म्हणजे तुला असं म्हणायचंय की...” घरात हे कस्टमर केअरसारखं वाटतं. त्यापेक्षा “भीती वाटतेय की कंटाळा आलाय?” हा साधा प्रश्न बरा. अंदाज चुकला तरी समोरचा दुरुस्त करून सांगतो.

‘हं’चं महत्त्व

आजी गोष्ट सांगायची तेव्हा मध्ये मध्ये ‘हं’ म्हणावं लागायचं. हुंकार थांबला की “झोपलास का रे?” अशी विचारणा व्हायची. कॅनडातल्या जॅनेट बावेलास आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगाने आजीची बाजू खरी ठरवली. लोकांनी आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा होता. काही श्रोत्यांना गुपचूप वेगळंच काम दिलं होतं, इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द टिपायचं. त्यांचं लक्ष गोष्टीत नव्हतं, आणि त्यामुळे सांगणाऱ्यांचीच गोष्ट बिघडली. शेवट अचानक तुटला, काहींनी तो पुन्हा पुन्हा सांगितला.

फोन स्क्रोल करत दिलेल्या ‘हं, हं’मुळे हेच होतं. “बायको एकच गोष्ट चारदा सांगते” अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी आपला हुंकार तपासावा. (व्हॉइस नोट दुप्पट वेगाने ऐकणाऱ्यांनी तर नक्कीच.)

मग करायचं काय?

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ च्या पुस्तकात प्रतिसादाचे दोन प्रकार सांगितले. “ऑफिसमध्ये आज डोकं उठलं” यावर “माझं तर विचारूच नको” म्हटलं की विषय आपल्याकडे वळतो. “का, काय झालं?” म्हटलं की तो त्याच्याकडेच राहतो. आपला अनुभव सांगणं चूक नाही, मैत्रीत ते हवंच. फक्त सांगून झाल्यावर धागा परत द्यायचा.

मित्राला किंवा जोडीदाराला सरळ विचारता येतं, “सल्ला हवाय की नुसतं ऐकू?” आईला असं विचारलं तर ती हसेल. तिच्याशी समोरासमोर ‘बोलायला’ बसण्यापेक्षा मेथी निवडायला शेजारी बसलेलं चालतं. हात कामात असले की अवघड विषय सहज निघतात. आजोबा तीच आठवण पुन्हा सांगत असतील तर “तेव्हा तुम्ही राहायला कुठे होतात?” असं विचारलं, की गोष्ट वेगळ्या वाटेने जाते.

दमलेल्या माणसाने ऐकण्याचं नाटक करू नये. “आत्ता डोकं चालत नाहीये, जेवण झाल्यावर बोलू” असं सांगावं आणि जेवण झाल्यावर आठवणीने आपणच विषय काढावा. शिवीगाळ किंवा धमक्या ऐकून घेणं यात येत नाही, तिथून उठून जाणंच योग्य.

बोलणाऱ्याच्या तोंडून “जगावंसं वाटत नाही” असं काही आलं, तर “वेड्यासारखं बोलू नको” म्हणून ते उडवून लावू नये. मरणाचे विचार येतायत का, हे स्पष्ट विचारावं, त्याला एकटं सोडू नये आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते. काय बोलावं ते सुचत नसेल, तर काळजी करणाऱ्या घरच्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.