नादिष्टांचे उपकार

मराठीत ‘नाद’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे वेडही. ‘पोरगा नाटकाच्या नादी लागला,’ असं पूर्वी घरातली वडील माणसं कपाळाला हात लावून म्हणायची. आज नाद बदलले आहेत. कपाळाला लागणारा हात तोच आहे. रॉक संगीताचे जलसे, कॉमिक्स म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचे अंक, आणि सिनेमा, या तिन्हींचा एकदम नाद असलेली माणसे जगभर लाखांनी आहेत. एकाच वाद्यवृंदामागे गावोगाव फिरणारी, एका जुन्या अंकासाठी रद्दीची दुकाने पालथी घालणारी, एकच चित्रपट पंधरा वेळा पाहणारी. ‘यातून तुला मिळतं काय?’ हा प्रश्न त्यांना हमखास विचारला जातो.

नादिष्टाला काय मिळते ते तोच जाणे. आपण प्रश्न जरा फिरवून विचारू. या नादिष्टांपासून बाकीच्यांना काय मिळाले?

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या तिन्ही करमणुकी टिकण्यासाठी जन्मलेल्याच नव्हत्या. जलसा संपला की सूर हवेत विरले. कॉमिकचा अंक छापायचा तो लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर. त्या कागदात आम्ल असते. त्यामुळे तो वर्षागणिक पिवळा पडतो आणि शेवटी बोटांत धरताच तुटतो. आणि जुनी फिल्म तर विचारूच नका! १९५० च्या सुमारापर्यंत ती नायट्रेटची असे. एकदा पेटली म्हणजे ती पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. शिवाय तिच्यावर चांदीचा अंश. तेव्हा चित्रपट चालेनासा झाला की त्याची चांदी काढून घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार समजला जाई. धंद्याचा हिशेब धंद्यासारखाच असायचा. तरीही यातले जे काही उरले, ते पुष्कळ अंशी अशा माणसांनी राखले, की ज्यांना हा हिशेब पटत नव्हता.

पहिल्यांदा जलशांकडे वळू. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा रॉक वाद्यवृंद उभा राहिला. जेरी गार्सिया हा त्याचा प्रमुख गिटारवादक आणि गायक. १९९५ साली तो वारला, तोवरच्या तीस वर्षांत या मंडळींनी सुमारे २,३०० जलसे केले. त्यांचा विशेष असा की आज काय वाजवायचे ते आधी पक्के ठरलेले नसे. आपल्याकडे गवई एकच राग दोन मैफलींत दोन तऱ्हांनी मांडतो ना, तसाच काहीसा प्रकार. एकच गीत आज सहा मिनिटांचे, तर उद्या वीस मिनिटांचे. मग कालचा जलसा ऐकला म्हणून आजचा ऐकायचा राहिला, असे कसे चालेल? श्रोते गाड्या घेऊन त्यांच्यामागे गावोगाव हिंडू लागले. आपल्या पंढरीच्या वाटेची आठवण व्हावी, असा तो लोंढा असे.

त्यातल्या काहींनी जलशात ध्वनिमुद्रणाची यंत्रे नेण्यास सुरुवात केली. इतर वाद्यवृंदांच्या जलशात असा माणूस सापडला तर त्याला बाहेर काढीत. इथे मात्र डोळेझाक होई. पुढे पुढे उंच दांड्यांवर लावलेल्या मायक्रोफोनांची अशी गर्दी होऊ लागली की आवाज सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना समोरचे दिसेना! यावर १९८४ साली तोड निघाली. या मंडळींसाठी तंत्रज्ञांच्या पाठीमागे वेगळी जागा राखली आणि तिची वेगळी तिकिटे काढली. अट एकच: टेप विकायची नाही. द्यायची, घ्यायची, बदलायची.

या देवघेवीची एक रीत होती, ती समजून घेण्यासारखी आहे. कॅसेटवरून कॅसेटवर नक्कल केली की दर खेपेला आवाजात थोडी खरखर वाढते. म्हणून शौकीन टेपेची पिढी मोजत. मूळ टेप, तिची पहिली नक्कल, त्या नकलेची नक्कल, अशी टेपांची वंशावळच लिहून ठेवली जाई. कॅसेटच्या कागदावर गाव, सभागृह, तारीख, गीतांचा क्रम, सारे बारीक अक्षरात. एखाद्या जुन्या दप्तरदारालाही लाजवील अशी ही व्यवस्था.

तिचे फळ पाहा. ८ मे १९७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये या मंडळींचा एक जलसा झाला. बेटी कँटर-जॅक्सन या त्यांच्या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी तो उत्तम मुद्रित केला होता. पण बाईंच्या संग्रहातल्या टेपा एका गोदामात पडून राहिल्या आणि १९८६ साली तिथल्या सामानाबरोबर लिलावात निघाल्या. त्या निरनिराळ्या हातांत गेल्या. शौकिनांनी त्यांतल्या पुष्कळशा शोधल्या, दुरुस्त केल्या, आणि त्यांच्या नकला देशभर फिरू लागल्या. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची जी यादी जाहीर केली, तीत या जलशाचे नाव होते. आणि तो रीतसर बाजारात केव्हा आला? २०१७ साली, जलसा होऊन तब्बल चाळीस वर्षांनी! चाळीस वर्षे त्याची कीर्ती जिवंत राहिली ती नादिष्टांच्या तोंडी आणि त्यांच्या कपाटांत.

आता कॉमिक्सकडे येऊ. हा प्रकार आपल्याला नवा नाही. १९६४ साली मुंबईहून निघू लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ‘वेताळ’ मराठी मुलांच्या हाती दिला, आणि त्यातले किती अंक पुढे वाण्याच्या पुड्यांना लागले त्याची गणती नाही. अमेरिकेतही तेच. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. किंमत दहा सेंट. त्याच अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरना विकली गेली. ही रक्कम ऐकून अचंबा वाटतो. पण तिच्या शेजारी दुसरी एक रक्कम ठेवली पाहिजे. सुपरमॅन ज्यांनी निर्माण केला त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांना त्याच्या साऱ्या हक्कांबद्दल १३० डॉलर मिळाले होते. उतारवयात दोघांनाही ओढगस्तीत दिवस काढावे लागले. १९७५ साली चित्रकार आणि वृत्तपत्रे यांनी गवगवा केल्यावर त्यांना वार्षिक तनखा मिळाला आणि सुपरमॅनवर त्यांचे नाव पुन्हा लागले.

बॅटमॅनचे प्रकरण याहून नाजूक. १९३९ साली तो छापून आला तेव्हापासून निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव लागत होते. करारच तसा होता. परंतु गोष्टी लिहिणारे, बॅटमॅनला झगा व मुखवटा सुचवणारे, त्याचे खरे नाव व त्याचे शहर ठरवणारे बिल फिंगर म्हणून दुसरेच गृहस्थ होते. त्यांचे नाव कोठेच नाही!

हे बाहेर आले कसे? १९६० च्या सुमारास काही संपादक वाचकांची पत्रे छापताना त्यांचे संपूर्ण पत्तेही छापू लागले. गोष्ट एवढीशी, पण तिच्यामुळे दूर दूर गावांत एकटे बसून कॉमिक्स वाचणारे लोक एकमेकांना पत्रे लिहू लागले. डेट्रॉइटमधले जेरी बेल्स हे प्राध्यापक १९६१ पासून नकलायंत्रावर काढलेले एक छोटे पत्र आपल्यासारख्याच हौशी वाचकांना पाठवू लागले. कोणती गोष्ट कोणी लिहिली, कोणते चित्र कोणी काढले, याच्या याद्या करण्याचा या मंडळींना भारी सोस. पुष्कळ अंकांवर नावेच नसत. मग रेघेच्या वळणावरून चित्रकार ओळखायचा, अक्षरावरून माणूस ओळखावा तसा. या शोधातच बेल्स फिंगर यांच्यापर्यंत पोहोचले, आणि १९६५ साली त्यांनी फिंगर यांच्या वाट्याची हकीगत लिहून प्रसिद्ध केली. बॉब केन रागावले. धंद्याने कानाडोळा केला. १९७४ साली फिंगर वारले, नाव न लागताच.

पण हौशी मंडळींची चिकाटी अशी की लिहिलेले त्यांनी पुसू दिले नाही. पुढे मार्क टायलर नोबलमन या लेखकाने फिंगर यांच्या वारसांचा माग काढून २०१२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. फिंगर यांच्या नातीने पाठपुरावा केला. आणि २०१५ साली प्रकाशकांनी बॅटमॅनच्या निर्मात्यांत फिंगर यांचे नाव घालण्याचे मान्य केले. नकलायंत्रावरच्या त्या लेखाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. ही केवळ करमणूक म्हणायची का? एका माणसाच्या कष्टाची ती नोंद होती, आणि ती ठेवली वाचकांनी.

राहिला सिनेमा. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ साली बर्लिनमध्ये झळकला तेव्हा तो सुमारे अडीच तासांचा होता. तो चालेना, म्हणून त्याला कात्री लागली आणि कापलेला भाग नाहीसा झाला. आठ दशके जगाने तुटका ‘मेट्रोपोलिस’ पाहिला. इकडे अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयरिस येथे फर्नांदो पेन्या नावाच्या सिनेमावेड्या अभ्यासकाच्या कानी एक जुनी तक्रार आली. तिथल्या एका चित्रपट मंडळाच्या चालकांना पूर्वी हा चित्रपट दाखवताना फिल्म नीट सरकावी म्हणून दोन तासांहून अधिक वेळ ती बोटाने दाबून धरावी लागली होती! दुसरा कोणी हसून सोडून देता. पेन्या थबकले. दोन तासांहून अधिक? तुटका चित्रपट तर इतका लांब नाही! मग ती प्रत कोणती? अनेक वर्षे त्यांनी हा धागा सोडला नाही. शेवटी २००८ साली पाउला फेलिक्स-दिदिएर या त्याच शहरातल्या चित्रपट-संग्रहालयाच्या संचालिका झाल्या, आणि दोघांनी मिळून डबे उघडले. हरवलेली बरीचशी दृश्ये आत होती. ओरखड्यांनी भरलेली, पण होती. त्यातली सुमारे पंचवीस मिनिटे जोडून २०१० साली बर्लिनमध्ये चित्रपट पुन्हा दाखवला गेला.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक नादिष्ट होऊन गेला. पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. लहानपणी ते सिनेमाच्या तिकिटांचे तुकडे जमवीत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, ते नायर यांनी डबा डबा जमवून उभे केले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे अवशेष आज पाहावयास मिळतात, त्यांचे श्रेय नायर यांच्या या धडपडीला आहे. सगळेच हाती लागले असे नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा. त्याची एकही प्रत मिळालेली नाही. कपाळाला हात लावायचाच असेल, तर तो इथे लावावा.

मात्र नादानादांत फरक असतो, हेही सांगितले पाहिजे. लाखो डॉलरचा अंक विकत घेऊन तो प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करणारा माणूसही स्वतःला शौकीनच म्हणवतो. त्या पेटीतली गोष्ट मग कोणी वाचीत नाही, तोही नाही. कुलपात ठेवलेली वस्तू सुरक्षित दिसते. पण कुलूपवाला गेला की तिचे पुढे काय होते, ते आपण त्या गोदामातल्या टेपांच्या बाबतीत पाहिलेच. वरच्या उदाहरणांत वस्तू वाचली ती एकापेक्षा अधिक हातांत गेली म्हणून. टेपेची नक्कल दुसऱ्याकडे गेली, पत्राची प्रत टपालाने गेली, एकाची जुनी तक्रार दुसऱ्याच्या कानी गेली. नायर यांनीही पुण्याच्या संग्रहातले चित्रपट कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यापर्यंत दाखवायला पाठवले. जपणे आणि वाटणे ही दोन कामे नव्हेत. एकाच कामाच्या त्या दोन बाजू आहेत.

तेव्हा आपल्या घरात कोणाला असा नाद असेल, तर त्याला ‘यातून मिळतं काय?’ असे विचारण्याऐवजी ‘तारीख घातलीस का? नाव लिहिलंस का? आणखी कोणाला दिलंस का?’ असे विचारावे. जुनी नाटकाची तिकिटे, मेळ्याच्या पदांच्या वह्या, कीर्तनाच्या कॅसेटी, फाटके अंक, हे सारे घराघरांतून दर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे जाते. त्यातले काय मोलाचे होते ते पन्नास वर्षांनी कळते, आणि तोवर रद्दीवाला थांबत नाही. थांबतो तो फक्त घरातला नादिष्ट.