अंबाडीचे बी आणि त्याची नोंद

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या सिद्धेश्वरच्या परिसरात आज हळद आणि सोयाबीन नजरेत भरत असले, तरी मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत ज्वारी, तूर किंवा कापसाच्या सोबतीने अंबाडी पेरण्याची वहिवाट जुनी असून, पाल्याची भाजी आणि दोरखंडासाठी सालीचा वाख या दोन्ही गरजा ती भागवत आली आहे. तिची पाने भांगेसारखी दिसत असली, तरी ती कापूस-भेंडीच्या कुळातली आहे.

वाखासाठी अंबाडी फुलोऱ्यात असताना कापतात, कारण बी धरल्यावर साल राठ होते. त्यामुळे बियाण्याची झाडे मुद्दाम उभी ठेवावी लागतात आणि कोणती ठेवायची हे ठरवतानाच वाणाची निवड होत असते. बोंडांवरील टोचऱ्या लवेमुळे ती झोडपण्याचे काम अंगाला खाज आणणारे असते. उफणलेले बी वाळवून, राख किंवा कडुलिंबाचा पाला मिसळून गाडग्यात ठेवण्याची घरगुती रीत पुढच्या पेरणीपर्यंत पुरते. त्यापलीकडे दमट पावसाळा आणि तापलेला उन्हाळा अशा तेलकट बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटवतात.

बियांतील ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, या ठोकताळ्यावर जनुकपेढी, म्हणजे वाणांचा दीर्घकालीन संग्रह, उभी असते. तेथे कोरड्या, थंड हवेत हळूहळू वाळवलेले बी हवाबंद पाकिटांत उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि ठराविक वर्षांनी त्यातील थोडे उगवून पाहतात. उगवण आरंभीच्या ८५ टक्क्यांखाली गेली की पुन्हा पेरून नवे बी घेतात. हळदीला ही सोय नाही, कारण ती गड्ड्यांपासून वाढते व शेतातच जपावी लागते. भांगेची अडचण निराळी आहे: नर व मादी झाडे बहुधा स्वतंत्र आणि परागण वाऱ्याने होत असल्याने वाण शुद्ध राखायला मोठे अंतर सोडावे लागते, शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे तंतू वा बियांसाठीही तिची लागवड सरकारी परवानगीवाचून करता येत नाही.

शीतगृहापेक्षा नोंदवहीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक, कारण बिघडलेले यंत्र लगेच कळते, पण दोन पाकिटांचे क्रमांक अदलाबदल झाले तर सारख्याच दिसणाऱ्या करड्या बियांवरून ते ओळखता येत नाही. म्हणून गाव, अक्षांश-रेखांश, गोळा केल्याची तारीख, स्थानिक नाव आणि वाख की भाजी हा उपयोग यांसह झाडाचे वर्णनही लिहून ठेवतात. नव्याने पेरलेल्या ओळीत देठ हिरवा की तांबूस, पान अखंड की बोटांसारखे चिरलेले, हे त्या वर्णनाशी ताडून, न जुळणारी झाडे फुलण्याआधीच उपटून टाकली जातात.