पेरूच्या खोडावरची जळमटं

सासूबाईंनी लावलेला पेरू आमच्या अंगणात आहे. वय पंचवीसच्या पुढे. गल्लीतली निम्मी मुलं त्याच्यावर चढून मोठी झाली. दोन वर्षांपूर्वी मात्र त्याची एक फांदी वाळली, मग दुसरी. फळंही सुपारीएवढी राहून गळायला लागली. ‘म्हातारा झालाय, तोडून टाकू,’ असं ह्यांनी म्हटलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

खोडाला, फांद्यांच्या बेचक्यात तपकिरी जळमटं दिसत होती. मी आपली बाईच्या जातीची सवय म्हणून खराट्याने झाडून काढली. आठ दिवसांत पुन्हा तीच! पुन्हा झाडली, पुन्हा हजर.

दिवाळीच्या आधी बचत गटाची बैठक आमच्याकडे होती. गटातल्या एक ताई माहेरच्या काटोलकडच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. चहाचा कप हातात घेऊनच त्या झाडापाशी गेल्या. म्हणाल्या, ‘‘वहिनी, ही जळमटं नाहीत. साल खाणारी अळी आहे. संत्रा, पेरू, डाळिंब, बोर, कशालाच सोडत नाही ती.’’

मी वाळवी समजत होते. त्यांनी फरक दाखवला. वाळवीचं कवच मातीचं असतं. हे जाळं रेशमी धाग्यात विष्ठा आणि सालीचा भुगा विणून केलेलं असतं. अळी दिवसा बेचक्यातल्या भोकात लपते आणि रात्री या जाळ्याच्या आडून साल खाते. सालीतूनच झाडाचं अन्न वाहतं. तीच कुरतडली की फांदी उपाशी मरते. ही अळी म्हणजे एका पतंगाचं पिल्लू. मे-जूनच्या सुमाराला पतंग सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी मग नऊ-दहा महिने झाडात मुक्काम ठोकते. म्हणजे मी घर झाडत होते आणि घुसखोर आत झोपलेला होता!

उपाय अगदी घरगुती निघाला. जाळं ब्रशने साफ करायचं म्हणजे भोक दिसतं. त्यात सायकलची तार घालून अळी मारायची. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला छोटा कापसाचा बोळा चिमट्याने आत सारून भोक चिखलाने लिंपायचं. (हे काम करताना जवळ मुलं नकोत आणि आग तर मुळीच नको.) आठवड्याने बघायचं. ताजा भुगा दिसला तर अळी जिवंत आहे, पुन्हा तेच करायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अळ्या लहान असतात, तेव्हा हे केलेलं उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा एक फेरी. वाळलेल्या फांद्या कापायच्या, दाट फांद्या विरळ करायच्या. दुर्लक्षित, दाट सावलीच्या झाडांवर ही कीड जास्त फावते.

आम्हाला अकरा भोकं सापडली. दोन फांद्या गेल्याच, पण झाड वाचलं. गेल्या हिवाळ्यात टोपलीभर पेरू निघाले. पहिला वाटा अर्थात त्या ताईंचा.

सासूबाई रोज सकाळी त्या खोडावरून हात फिरवायच्या. आम्ही हसायचो, ‘आईंची लेक आहे ती!’ आता वाटतं, त्या नुसते लाड करत नसाव्यात, बघतही असाव्यात. मैत्रिणींनो, तुमच्या दारातल्या झाडाकडे तुम्ही शेवटचं कधी निरखून पाहिलंत? आज पाणी घालताना जरा बेचक्यात डोकावा.