‘साहेब, हे धोक्याचं आहे!’

लोअर परळला उतरलं की आपली नजर जाते काचेच्या टॉवर्सकडे. पण स्टेशनला लागूनच पश्चिम रेल्वेचं वर्कशॉप आहे, थेट १८७६ सालापासूनचं. गिरण्या गेल्या, मॉल आले, तरी इथे रेल्वेचे डबे दुरुस्त होताहेत.

आपल्या ऑफिसात फायर एक्झिटसमोर खोके रचलेले दिसले, तर आपण अ‍ॅडमिनला मेल टाकतो. फार तर बॉस तोंड वाकडं करेल. पण रेल्वे, बेस्ट किंवा महापालिकेतल्या माणसाला ‘साहेब, हे धोक्याचं आहे’ असं लेखी द्यायचं असेल तर? बदली, चौकशी, सीआरमध्ये शेरा... टेन्शनच टेन्शन!

आणि हा प्रश्न फक्त त्याचा नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. बरोब्बर तीन महिन्यांनी कमला मिल्सच्या आगीत १४. अशा वेळी आपण विचारतो, ‘आधी कुणालाच कसं दिसलं नाही?’ कधी कधी दिसलेलं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या एका बड्या अधिकाऱ्यानं सिग्नल यंत्रणेतल्या गंभीर त्रुटींबद्दल लेखी इशारा दिला होता. चारच महिन्यांनी दुसऱ्या विभागात, बालासोरला, सिग्नलच्याच कामातल्या चुकांमुळे भीषण अपघात झाला.

कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत चांगली सोय आहे. जिवाला धोका वाटला, तर कर्मचारी मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवू शकतो. मेख अशी, की केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालयं या संहितेतून वगळली आहेत! तिथल्या कंत्राटी कामगारांना मात्र ती लागू आहे.

मग व्हिसलब्लोअर कायदा? हायवेच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारे इंजिनीअर सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये गयेत खून झाला. त्यानंतर २००४ साली केंद्रानं ठराव केला. केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करा, तुमचं नाव गुप्त राहील. पण तो केंद्राच्या अखत्यारीतल्या खात्यांसाठी आणि भ्रष्टाचार किंवा पदाच्या गैरवापरापुरता. महापालिकेतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. २०१४ साली संसदेनं पूर्ण कायदा केला, तो अजून अमलातच आलेला नाही. त्यातही ‘सुरक्षेला धोका’ असा वेगळा मुद्दा नाही. अमेरिकेच्या १९८९ च्या आणि ब्रिटनच्या १९९८ च्या कायद्यात तो स्पष्ट लिहिलाय. आपल्याकडे नेमका तोच शब्द राहिलाय.

मग करायचं काय?

तोंडी सांगून गप्प बसू नका. तारीख टाकून लेखी द्या आणि पोचपावती घ्या. सेफ्टी कमिटी असेल तर पत्र तिच्यामार्फत पाठवा. लगेच पेपरवाल्यांकडे धावू नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आडवे येतात. दक्षता आयोगाला लिहिताना नाव पत्रात हवं, पाकिटावर नको. निनावी तक्रार घेतली जात नाही.

आणि शक्यतो एकट्यानं सही करू नका. वर्कशॉपपासून जवळच ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, ते ना. म. जोशी १९२० साली ‘आयटक’ उभी करणाऱ्यांपैकी एक. एका सहीच्या माणसाची बदली करणं सोपं असतं. दोनशे सह्यांची कुठे कुठे करणार?

तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, तर आज रात्री जेवताना हे सांगा. उद्या सकाळच्या लोकलनं जाणार आपणच आहोत ना!