पॉइंट टू टू पिस्तूल : बोअर लहान, शस्त्र पूर्ण

पॉइंट टू टू बोअरच्या पिस्तुलाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणी म्हणतो, हे तर खेळणे, याला परवाना कशाला? दुसरा म्हणतो, आपल्यासारख्याला ते या देशात मिळणारच नाही. दोन्ही चूक आहे, आणि पहिली चूक माणसाला थेट तुरुंगात नेऊ शकते.

‘.२२ ला परवाना लागत नाही’ ही समजूत बहुधा दोन खऱ्या गोष्टींच्या सरमिसळीतून आली आहे. पहिली गोष्ट एअर पिस्तुलाची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या हवेच्या बंदुकीची किंवा पिस्तुलाची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आणि बोअर .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो. दुसरी गोष्ट शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मधली. एका माणसाकडे किती शस्त्रे असावीत याची मर्यादा तिथे आहे आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरच्या रायफलपुरती त्या मर्यादेतून सूट आहे. ही सूट संख्येची आहे, परवान्याची नाही. आणि ती रायफलला आहे, पिस्तुलाला नाही. पिस्तुलात दारू भरलेले काडतूस वापरले जात असेल, तर ते अग्निशस्त्र. मग ते पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्याचे असो की शोकेसमध्ये ठेवायचे असो. विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड आहे. त्याच दुरुस्तीने परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा ३ वरून २ वर आणली आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे केली.

.२२ हा ‘नॉन प्रोहिबिटेड’ बोअर आहे. म्हणजे २१ वर्षे पूर्ण झालेला नागरिक त्यासाठी अर्ज करू शकतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पोलीस चौकशी होते, आणि परवाना द्यायचा की नाही हे प्राधिकारी ठरवतो. अर्ज केला म्हणजे परवाना मिळालाच, असे मात्र कुणी धरून चालू नये.

आता हा प्राधिकारी कोण, यावर आपल्या वसई-विरारमध्ये मोठा गोंधळ आहे. जुन्या परवान्यांवर ठाणे जिल्ह्याचा शिक्का असतो, कारण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर हा वेगळा जिल्हाच नव्हता. त्यामुळे कुणी ठाण्याला खेटे घालतो, कुणी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे असते. जुना परवाना असेल तर त्यावर राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन हा ओळख क्रमांक पडला आहे का, हे आधी पाहावे. तो नसलेला परवाना ग्राह्य धरत नाहीत.

आणखी एक तरतूद आहे, जी आपल्या भागात फारच थोड्यांना ठाऊक असते. तुंगारेश्वर अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे आहे आणि ते आपल्या पूर्वेच्या डोंगरावरच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले नाव वनखात्याकडे नोंदवावे लागते. आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. नकाशावर १० किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहा. विरार, नालासोपारा, वसई रोड यांचा बहुतेक भाग त्यात येतो. ‘शहरात राहतो, जंगलाशी माझा काय संबंध’ असे म्हणणाऱ्याने हे कलम वाचून ठेवावे. याच कायद्याने ‘.२२ ने ससा-तितर मारायला काय हरकत’ हा प्रश्नही १९९१ च्या दुरुस्तीनंतर निकालात काढला आहे. ती शिकार म्हणजे गुन्हा.

आता ‘खेळण्या’कडे येऊ. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. त्याची शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. पिस्तुलातून ती सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा १०० ज्यूलच्या घरात जाते. स्पर्धेतल्या एअर पिस्तुलाच्या छऱ्याची ऊर्जा याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. धक्का कमी बसतो म्हणून गोळी कमजोर, हा समज जीवघेणा आहे. आडव्या रेषेहून थोडी वर झाडलेली ही गोळी एक-दीड किलोमीटर जाऊ शकते, आणि नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत तेवढ्या अंतरात हजारो घरे येतात. म्हणून गच्चीवर, वाडीत, खाजणात किंवा समुद्रकिनाऱ्यावर ‘एकदा चालवून पाहू’ म्हणणे अक्षम्य आहे. हळदीत वा वरातीत आनंदाने बार काढणाऱ्याला आता २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शस्त्र परवान्याचे असले तरी.

जुन्या पिस्तुलांबाबत ‘बंद झालेले मॉडेल, म्हणजे स्वस्त’ हे गणित अमेरिकेत बरोबर असेल. कोल्टचे ‘वुड्समन’ १९१५ ते १९७७ असे बनत होते. सोव्हिएत कारखान्यांची तोझ-३५ किंवा इझ-३५ यांसारखी पिस्तुले स्विस-जर्मन पिस्तुलांच्या तुलनेत स्वस्तात मिळत आणि त्यांवर लोक मोठ्या स्पर्धा खेळले. आपल्याकडे मात्र सामान्य नागरिकासाठी परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. आयातीची सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांना मिळते. त्यामुळे देशात आधीच आलेली थोडी जुनी पिस्तुलेच परवानाधारकांमध्ये हात बदलत राहतात. तिकडे साध्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलालाही इथे दुर्मीळ वस्तूची किंमत पडते.

किमतीपेक्षाही मला काळजी वाटते ती सुट्या भागांची. मॅगझिनची स्प्रिंग बसते, फायरिंग पिनचे टोक झिजते, एक्स्ट्रॅक्टर तुटतो, आणि बनवणारा कारखानाच उरलेला नसतो. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये लेथवर काहीही घडवून देणारे तरबेज कारागीर आहेत. पण पिस्तुलाची पिन त्यांच्याकडे नेऊ नका. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत, आणि शस्त्र बनवायला तसेच दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. तुमच्या दोनशे रुपयांच्या कामापायी त्या कारागिरावर गुन्हा दाखल होऊ शकतो. परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच जावे.

रिमफायर हा प्रकार समजून घेतला तर हे पिस्तूल वापरतानाच्या चुका टळतात. मोठ्या काडतुसात पेट घेणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. रिमफायरमध्ये तो मसाला पुंगळीच्या काठाच्या पोकळीत भरलेला असतो आणि पिन काठावर आपटते. म्हणून ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मसाला काठभर सारखा पसरलेला नसला, तर बार उडतही नाही. अशा वेळी पिस्तूल उघडून आत डोकवायचे नसते. नळी लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबायचे, कारण बार उशिराही उडू शकतो. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत बसणे हीसुद्धा वाईट सवय आहे. पुंगळी नसताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि अनेक जुन्या मॉडेलांत दोघांचीही वाट लागते. सरावानंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नये, शिसे पोटात जाते.

मग हे पिस्तूल आहे तरी कशासाठी? माझे मत स्पष्ट आहे : नेमबाजीसाठी. २५ मीटर पिस्तूल हा महिलांचा ऑलिंपिक प्रकार याच .२२ काडतुसावर खेळला जातो आणि त्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पण जुने पिस्तूल घेऊन स्पर्धेत उतरता येईलच असे नाही. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पूर्वी .२२ शॉर्ट काडतूस चाले. २००५ पासून नियम बदलले, .२२ लाँग रायफल आणि चापावर किमान १००० ग्रॅमचा दाब सक्तीचा झाला, आणि शॉर्टसाठी बनलेली उत्तमोत्तम पिस्तुले एका रात्रीत स्पर्धेबाहेर गेली. ५० मीटर पिस्तूल तर रिओ २०१६ नंतर ऑलिंपिकमधूनच गेले. तेव्हा विकत घेण्याआधी नियमपुस्तक पाहा.

वसई-विरारच्या मुलामुलींनी सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने करावी. .२२ साठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. २१ वर्षांखालील मुलांना ठरवून दिलेल्या वयानंतर देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येते, स्वतःचे पिस्तूल लागत नाही.

शेवटी ज्यांच्या घरी वडिलांचे वा आजोबांचे परवान्याचे पिस्तूल कपाटात पडून आहे, त्यांच्यासाठी. परवाना वारशाने आपोआप येत नाही. परवानाधारक गेल्यावर तो तुमच्या नावावर झालेला नसतो, आणि तसेच ठेवून दिलेले पिस्तूल विनापरवाना ठरते. शस्त्र नियमांनुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. धारक हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठली किंवा ते शस्त्र त्याच्याकडे असल्याला २५ वर्षे झाली की, तो ते वारसाला देण्यासाठी अर्ज करू शकतो. निर्णय होईपर्यंत शस्त्र आणि काडतुसे घरी ठेवू नका. पोलीस ठाण्याला कळवा, तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा करा आणि शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घेऊन जपून ठेवा.