हिरव्या दिव्यांचा चौकोन

"कला शाखेच्या मुलीला हेलिकॉप्टरशी काय कर्तव्य?" हा लेख लिहायला घेतला तेव्हा एका मैत्रिणीने असे विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे वडील वायरमन आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्याच्या ठिकाणी एका हेलिपॅडवर दिवे बसवण्याचे काम त्यांना ठेकेदाराकडून मिळाले आणि हाताखाली म्हणून मी बरोबर गेले. तेथे जे पाहिले आणि पुढे वाचून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवते.

दिवसा वैमानिकाला झाडे, घरे, माणसे दिसतात. त्यांवरून तो उंचीचा व वेगाचा अंदाज बांधतो. रात्री गावाबाहेरच्या माळावर यातले काहीच दिसत नाही. नुसता एक दिवा दिसला, तर तो जवळचा मंद आहे की लांबचा प्रखर, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून हेलिपॅडला दिवा नव्हे, दिव्यांची आकृती लागते. जेवणाचे ताट वरून पाहिले तर गोल दिसते. पंगतीत समोरच्याचे ताट बसल्या जागेवरून लांबट दिसते. तसेच दिव्यांच्या चौकोनाचे आहे. तो किती चपटा दिसतो आणि किती झपाट्याने मोठा होतो, यावरून वैमानिक उतरण्याचा कोन व वेग सांभाळतो.

ही आकृती कशी असावी याचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने घालून दिले आहेत. हेलिकॉप्टर जेथे प्रत्यक्ष टेकते त्या जागेच्या कडेला हिरवे, न लुकलुकणारे, चहूबाजूंनी दिसणारे दिवे हवेत. जमिनीवरील हेलिपॅडला दोन दिव्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. इमारतीच्या गच्चीवर ३ मीटरपेक्षा जास्त नाही. चौकोनाच्या प्रत्येक बाजूस निदान ४ दिवे आणि प्रत्येक कोपऱ्यात एक हवाच. दिव्याची उंची २५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तो हेलिकॉप्टरला अडणार नाही. बाहेरच्या मोठ्या क्षेत्राच्या कडेचे दिवे पांढरे, तर टाकी, खांब, मनोरा अशा अडथळ्यांवरचे लाल. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजाही रात्री उजळलेला हवा, कारण हेलिकॉप्टर शक्यतो वाऱ्याला सामोरे होऊन उतरते. दुरून जागा ओळखता यावी म्हणून लावलेला दीपस्तंभ पांढऱ्या प्रकाशाचे चार झटके देतो. मोर्स लिपीत चार ठिपके म्हणजे 'एच' हे अक्षर!

हिरवाच रंग का? याचे उत्तर समुद्रात सापडते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात १९७४ साली 'बॉम्बे हाय' हे तेलक्षेत्र सापडले. तेथील कामगारांची ने-आण जुहूहून हेलिकॉप्टरने होते. अशा सागरी प्लॅटफॉर्मवर पूर्वी हेलिपॅडच्या कडेला पिवळे दिवे लावण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत होती. पण प्लॅटफॉर्मवरचे इतर दिवेही पिवळसरच. त्या झगमगाटात कडेचे दिवे हरवून जात. हिरवा मात्र उठून दिसतो.

आमचे हेलिपॅड १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद होते. घेर ६० मीटर, म्हणजे ५ मीटरच्या हिशेबाने १२ दिवे. चर खणून, पाइपातून केबल टाकून झाली. आबांनी दिवे एकाआड एक अशा दोन सर्किटांवर घेतले. कारण विचारले तर म्हणाले, "एक सर्किट गेलं तरी चारी बाजूंना उजेड राहिला पाहिजे, पोरी." दिवे गेल्यावर जनित्र आपोआप चालू होण्याची सोयही होती.

पण प्रत्यक्षात दिवे आले दहाच. मुकादम म्हणाला, "सहा-सहा मीटरवर बसवा. वरनं कोण मोजायला येतंय?" आबांनी नकाशा माझ्या हातात दिला. "खालचं इंग्रजी वाच." मी अडखळत वाचले : अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, कोपऱ्यात दिवा हवा. सहा मीटरने मोजत गेलो तर १५ मीटरच्या बाजूत कोपरे चुकत होते. वैमानिकाला दिसणारा चौकोन चौकोनच राहिला नसता! आबांनी पक्कड पिशवीत टाकली आणि काम थांबवले. दोन दिवसांचा खाडा झाला. ऐन दिवाळीत तो आमच्या घराला जाणवला. तिसऱ्या दिवशी उरलेले दोन दिवे आले.

चाचणीच्या रात्री आम्ही शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. खाली बारा हिरवे ठिपके नेमके चौकोनात होते. पण जमीन उजळणाऱ्या एका फ्लडलाइटचा झोत थेट आमच्या डोळ्यांत आला. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. तो सराव असा झोत क्षणात मोडतो. वैमानिकाच्या डोळ्यांवर तो आला असता तर? आबा खाली उतरले आणि त्यांनी दिव्याचे तोंड जमिनीकडे वळवले.

त्या हेलिपॅडवर रात्री हेलिकॉप्टर उतरताना मी अजून पाहिलेले नाही. कधीतरी एखाद्या अत्यवस्थ रुग्णासाठी ते उतरेल. आत बसलेल्यांना आबांचे नाव ठाऊक नसेल. वडील वायरमन आहेत हे सांगताना पूर्वी मी थोडी घुटमळत असे. आता घुटमळत नाही. आणि 'बी.ए. करून काय उपयोग?' असे आमच्या आळीत कोणी विचारले, तर आबाच उत्तर देतात, "नकाशाखालचं वाचता येतं."