जुन्या फलकाला नवे दार

मुलांनो, शाळेच्या ओसरीत लावलेला सूचनाफलक तुम्ही रोज पाहता. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा असो वा दुसरे कोणते गाव असो, शाळेत, वाचनालयात किंवा नगरपरिषदेच्या कचेरीत असा एखादा फलक असतोच. एकाने कागद लावावा, येणाऱ्या-जाणाऱ्याने तो वाचावा, आणि ज्यास काही सांगावयाचे असेल त्याने शेजारी आपला कागद लावावा, अशी ही साधी सोय आहे. हीच सोय संगणकावर कशी झाली, ती लोपण्याच्या बेतास कशी आली, आणि आता तिला नवे दार कसे बसवले जात आहे, हे आज आपण पाहू.

1978 च्या जानेवारीत अमेरिकेतील शिकागो शहरात मोठे हिमवादळ झाले. रस्ते बंद पडले. माणसे घरात अडकली. वॉर्ड क्रिस्टन्सेन आणि रँडी सूस हे दोन मित्र संगणकाची हौस असणाऱ्यांच्या एका मंडळाचे सभासद होते. मंडळाच्या सूचना प्रत्येकास घरबसल्या वाचता याव्यात, असे त्यांच्या मनात आले. क्रिस्टन्सेन यांनी आज्ञावली लिहिली व सूस यांनी यंत्राची जुळणी केली. 16 फेब्रुवारी 1978 रोजी त्यांचा फलक सर्वांसाठी खुला झाला. टेलिफोनवरून वापरता येणारा हा पहिला सार्वजनिक संगणक-फलक मानला जातो. अशा फलकास ‘बुलेटिन बोर्ड’ म्हणू लागले.

हा फलक वाचावयाचा म्हणजे त्याला टेलिफोन करावा लागे. संगणकाला फक्त अंक समजतात, तर टेलिफोनच्या तारेतून आवाज जातो. म्हणून दोन्ही टोकांस ‘मोडेम’ नावाचे यंत्र असे. एक मोडेम अंकांचे सूर बनवी आणि दुसरा त्या सुरांचे पुन्हा अंक बनवी. आरंभीच्या मोडेममधून एका सेकंदात सुमारे 30 अक्षरे जात. पुढे रूढ झालेल्या पडद्यावर 80 अक्षरांच्या 25 ओळी, म्हणजे 2000 अक्षरे मावत. त्या वेगाने एवढा पडदा भरण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागला असता! शिवाय तार एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत जाऊ शके. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावे.

भारतातही असे फलक निघाले. बेळगाव येथे अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस यांनी 1989 मध्ये बंगळूर येथे ‘सी-आय-एक्स’ नावाचा फलक सुरू केला. भारतातील आरंभीच्या फलकांत त्याची गणना होते. घरी टेलिफोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, अशा त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पुढे 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले आणि लोक तिकडे वळले. जगभर हेच घडले. एकामागून एक फलक बंद पडले. ज्यांच्या तबकड्या कोणी जपून ठेवल्या नाहीत, त्यांच्यावरील पत्रे, वादविवाद व अक्षरांतून रेखाटलेली चित्रे कायमची गेली.

तथापि काही हौशी लोकांनी आपले फलक मोडले नाहीत. टेलिफोनच्या तारेऐवजी त्यांनी ते इंटरनेटला जोडले. असे शेकडो फलक आजही चालू आहेत. परंतु येथे एक अडचण उभी राहिली. हे फलक ‘टेलनेट’ नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात. आपल्या संगणकावरील वा मोबाईलवरील ब्राउझरला ती पद्धत येत नाही. सुरक्षिततेसाठी त्याला ठरावीक रीतींनीच बोलण्याची मुभा असते. मग दोघांची भेट कशी व्हावी?

याचे उत्तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. दोन भाषांची माणसे भेटली की मध्ये दुभाषा बसवीत. येथेही तसेच करतात. 2011 मध्ये ‘वेबसॉकेट’ नावाची रीत प्रमाण ठरली. तिच्या साहाय्याने ब्राउझरला पलीकडच्या संगणकाशी सतत बोलणे चालू ठेवता येते. मध्ये बसलेली आज्ञावली एका बाजूने ब्राउझरशी वेबसॉकेटने बोलते व दुसऱ्या बाजूने फलकाशी टेलनेटने. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे पोहोचवणे एवढेच तिचे काम.

पण निरोप पोहोचला म्हणजे तो वाचता आला असे नव्हे. संगणकात प्रत्येक चिन्हास एक क्रमांक असतो. अनेक जुन्या फलकांच्या चिन्हमालेत अवघी 256 चिन्हे होती. तीत 219 या क्रमांकास भरीव चौकट होती, आणि अशा चौकटींनी लोक भिंती, किल्ले, डोंगर रेखाटीत. आजच्या ‘युनिकोड’ या चिन्हमालेत मात्र 219 म्हणजे डोक्यावर टोपी असलेले रोमन ‘यू’ हे अक्षर! क्रमांक तसाच ठेवला, तर किल्ल्याच्या जागी टोपीवाल्या अक्षरांची गर्दी दिसेल. म्हणून ब्राउझरमधील आज्ञावली कोष्टक पाहून 219 च्या जागी 9608 हा क्रमांक घेते. कारण युनिकोडमध्ये भरीव चौकटीचा क्रमांक तोच आहे. रंग बदलण्याच्या व ओळ पुसण्याच्या जुन्या खुणाही ती ओळखते. मग पडद्यावर किल्ला पूर्वीसारखा उभा राहतो.

तुमच्यापैकी काहींच्या घरी पणजोबांच्या काळचे मोडी लिपीतील कागद असतील. ते आपणांस वाचता येत नाहीत म्हणून कोणी ते खोडून पुन्हा लिहीत नाही. मोडी जाणणारा मनुष्य ते वाचतो व बाळबोध अक्षरांत वेगळ्या कागदावर उतरवून देतो. मूळ कागद जसाच्या तसा राहतो. जुन्या फलकांना नवे दार बसवणारेही हेच करतात. घर तेच, आतील वस्तू त्याच. फक्त आत येणाऱ्याची वाट सोपी होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. टेलनेटवरील मजकूर उघड्या पत्रासारखा असतो. वाटेत कोणी तो वाचू शकतो. म्हणून तेथे आपला नेहमीचा परवलीचा शब्द कधीही देऊ नये.

आज देवळाली प्रवरा येथील एखादा विद्यार्थी दूरदेशीचा फलक आपल्या पडद्यावर उघडू शकतो. जुने जपावयाचे म्हणजे ते पेटीत कुलूपबंद करणे नव्हे. पुढच्या पिढीस ते वाचता आले, तरच ते खरोखर जपले गेले.

स्वाध्याय

1. मोडेमचे काम काय, ते दोन वाक्यांत सांगा.
2. ब्राउझर आणि जुना फलक यांच्यामध्ये दुभाषा का लागतो?
3. क्रमांक न बदलल्यास किल्ल्याच्या चित्राचे काय होईल?
4. तुमच्या घरातील एखादा जुना कागद वडील माणसांकडून समजून घ्या व त्याविषयी दहा ओळी लिहा.